नानांच्या रजिस्टरमधली मॅन्ड्रॅक्स

"ताई, झोपेची अशी गोळी द्या जिची सवय लागत नाही." हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने "ताई, झो" एवढं म्हटलं तरी पुढचं मला कळतं. आमचं मेडिकल पंचवटीत, गिऱ्हाईक सगळं ओळखीचं, त्यामुळे नुसतं "काका, चिठ्ठी आणा" म्हणून भागत नाही, चिठ्ठी म्हटलं की काका काउंटरला टेकतात आणि सुनेपासून बँकेपर्यंत सगळं सांगतात, आणि मग मधेच कधीतरी बाहेर येतं की रोज रात्री साडेदहाला मित्रमंडळींबरोबर टपरीवर दोन कटिंग होतात आणि बारा वाजता डोळे टक्क उघडे. असो, आज चहावर लिहायचं नाहीये.

लिहायचंय एका अशा गोळीवर जी आता कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. मॅन्ड्रॅक्स. आतल्या औषधाचं नाव मेथाक्वालोन. बी. फार्मला असताना हे नाव मी एकदाच वाचलं होतं, "क्विनाझोलिनोन गटातलं झोपेचं औषध, आता बंद", विषय संपला, परीक्षेतही कधी आलं नाही. खरी ओळख झाली ती गोळे कॉलनीत. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, गोळे कॉलनी म्हणजे आमच्याकडचा औषधांचा होलसेल बाजार, सकाळी अकराला तिथे गाडी लावायला जागा मिळाली तर लॉटरीचं तिकीट काढावं. तिथे माझ्या मामाचं दुकान आहे, आधी आजोबांचं होतं, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. गेल्या दिवाळीआधी माळा आवरायला मी गेले होते, तर एका कळकट पोत्यात नानांची जुनी स्टॉक रजिस्टरं निघाली, लाल कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. १९७८ सालच्या रजिस्टरात, खोकल्याच्या औषधाखाली आणि बी कॉम्प्लेक्सच्या वर, निळ्या शाईत, नानांच्या त्या उभट अक्षरात लिहिलेलं: मॅन्ड्रॅक्स, १० डबे.

"मामा, हे काय रे?"

मामा शिडीवर उभा होता, खाली बघून म्हणाला, "अगं, झोपेची गोळी. तेव्हा तीच सगळ्यात सेफ म्हणायचे."

ते "सेफ" डोक्यात अडकलं आणि पुढचे दोन महिने मी या गोळीच्या मागे लागले. सगळ्यात मोठा धक्का बसला तो हा, की जगभर जी अमेरिकन पार्टीची गोळी म्हणून बदनाम झाली ती मुळात अमेरिकेची नाहीच, हैदराबादची आहे.

झालं असं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला जपानने जावा बेट घेतलं, आणि मलेरियाचं औषध क्विनाइन ज्या सिंकोना झाडाच्या सालीपासून काढतात त्याचे बहुतेक मळे तिथेच. सगळ्या जगाचं क्विनाइन अडकलं. मग लोक मलेरियावर दुसरं काही सापडतंय का म्हणून जुन्या झाडपाल्याच्या औषधांकडे वळले. चीनमध्ये चांगशान नावाची एक मुळी तापावर शेकडो वर्षं देत आलेत, तिच्यातलं काम करणारं द्रव्य म्हणजे फेब्रिफ्युजिन, ते मलेरियावर चालतं पण पेशंटला उलट्यांनी हैराण करतं. त्याच्या रेणूत एक खास सांगाडा असतो, दोन कड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यातल्या एकीत दोन नायट्रोजन, त्याला म्हणतात क्विनाझोलिनोन. केमिस्ट लोकांचं डोकं अशा वेळी एकाच दिशेने चालतं, सांगाडा ठेवायचा, हातपाय बदलून बघायचे, गुण राहतो का आणि अवगुण जातो का. वरणात गूळ कमी, आमसूल जास्त, तसलंच, फक्त इथे एकेका प्रयोगाला आठवडे लागतात.

हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत इंद्रकिशोर कक्कड आणि सय्यद हुसेन झहीर हे दोघं या सांगाड्यावर काम करत होते, आणि १९५१ साली त्यांनी जे पदार्थ छापून जाहीर केले त्यात मेथाक्वालोन होतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की ते मलेरियाचं औषध शोधत होते, पण त्यांच्या पेपरच्या शीर्षकात मलेरिया नाही, "संभाव्य वेदनाशामकं" असं आहे, म्हणजे ही मलेरियाची गोष्ट थोडी सांगोवांगी फुगलेली दिसते. हे झहीर साधेसुधे नव्हते बरं का, पुढे १९६२ ते १९६६ ते सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते, आणि उर्दू लेखक सज्जाद झहीर त्यांचे सख्खे भाऊ. एका भावाने प्रगतिशील लेखकांची चळवळ उभी केली आणि दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या पावडरीवर पुढे लंडन-न्यूयॉर्कची पोरं भिंतीला धडकत फिरली, हे त्या घरात कोणाला कधी कळलं असेल का देव जाणे.

ही पावडर झोप आणते हे कळलं लखनौला. तिथल्या एम. एल. गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे क्विनाझोलिनोन पदार्थ उंदरांना देऊन पाहिले आणि १९५५ साली लिहिलं की झोपेच्या औषधांचा हा एक नवाच वर्ग आहे. नवा वर्ग! हे शब्द त्या काळात औषध कंपन्यांना किती गोड वाटले असतील ते कळायला त्याआधी काय चालू होतं ते बघायला पाहिजे.

त्याआधी राज्य होतं बार्बिट्युरेटचं. १९०३ ला व्हेरोनल आलं, मग फिनोबार्बिटल, मग एकामागून एक रांगच लागली. झोप मस्त लागायची, पण झोपवणारा डोस आणि श्वास बंद करणारा डोस यांच्यात अंतर फार थोडं. त्यात सवय लागायची, आणि अचानक सोडलं तर फिट्स यायच्या. १९६२ ला मेरिलिन मन्रो गेली तीही बार्बिट्युरेटनेच. म्हणजे १९५० नंतर प्रत्येक कंपनी एकाच जाहिरातीच्या शोधात होती: "यात बार्बिट्युरेट नाही." जर्मनीत १९५७ ला याच वाक्यावर एक गोळी धूमधडाक्यात विकायला आली, इतकी सेफ की गरोदर बायकांना पण चालेल म्हणाले, तिचं नाव थॅलिडोमाइड. पुढचं सगळ्यांना माहितीये, हातपाय न वाढलेली हजारो बाळं. मेथाक्वालोन त्याच रांगेत, त्याच वाक्याच्या पाठीवर बसून बाजारात आलं.

आता ही गोळी मेंदूत करते काय, ते सांगते. पुस्तकी भाषेत सांगितलं तर दोन ओळीत तुम्ही मोबाइल खाली ठेवाल, म्हणून आपल्या गंगापूर धरणावरून सांगते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे सिग्नल देत असतात, आणि हा गोंगाट आवरायला मेंदूकडे एक स्वतःचं रसायन आहे, गाबा. पेशीच्या भिंतीत छोटे छोटे दरवाजे असतात, प्रत्येक दरवाजा पाच फळ्यांचा, मधे भोक. गाबा येऊन त्यावर बसलं की दरवाजा उघडतो, क्लोराइडचे कण आत घुसतात आणि ती पेशी शांत होते, तिला पेटायला जास्त जोर लागतो. म्हणजे दरवाजा म्हणजे धरणाचा दरवाजा, गाबा म्हणजे पाटबंधारेवाल्यांची ऑर्डर आणि क्लोराइड म्हणजे पाणी. ऑर्डर आली की विसर्ग सुरू.

आजकालच्या अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या, ज्यांना आम्ही सगळे बेंझो म्हणतो, त्या काय करतात, तर दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला दोन फळ्यांच्या सांध्यात बसतात आणि ऑर्डर आली की दरवाजा जास्त वेळा उघडायला लावतात. पण ऑर्डर लागतेच. गाबाच नसेल तर नुसत्या बेंझोने दरवाजा हलत नाही, म्हणून एकट्या बेंझोने माणूस सहसा मरत नाही. बार्बिट्युरेटचं तसं नाही, ते दरवाजा एकदा उघडला की बराच वेळ उघडाच धरून ठेवतं, आणि डोस वाढला तर ऑर्डरबिर्डर काही न बघता स्वतःच उघडतं. रात्री दोन वाजता कोणाला न विचारता धरणाचे दरवाजे वर केले तर खाली नाशिकचं काय होईल, तसं.

आणि मेथाक्वालोन? गंमत इथेच आहे. लाखो लोकांनी ही गोळी खाल्ली, देशोदेशी बंदी आली, आणि तरी ती नक्की कुठे बसते हे कोणी नीट पाहिलेलंच नव्हतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी ते २०१५ साली शोधून छापलं, म्हणजे गोळी बाजारातून जाऊन तीस वर्षं झाल्यावर. बेंझोची जागा नाही, बार्बिट्युरेटसारखीही हुबेहूब नाही, तर दरवाज्याच्या त्या भागात जो पेशीच्या चरबीच्या भिंतीत रुतलेला असतो, बीटा आणि अल्फा नावाच्या फळ्यांच्या मधल्या फटीत. भूल द्यायचं इटोमिडेट नावाचं इंजेक्शन असतं, त्याच्याच शेजारी. तिथे बसून ती गाबाचा जोर चांगलाच वाढवते, आणि काही जातीच्या दरवाज्यांना तर स्वतःही उघडते. बेंझो जास्त झालं तर हॉस्पिटलमध्ये फ्लुमाझेनिल देऊन ते जागेवरून हुसकावता येतं, इथे ती सोय नाही कारण जागाच वेगळी.

जाता जाता एक गोष्ट, केमिस्ट्रीवाल्यांसाठी, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. या रेणूला एक तिसरी कडी बाजूला लटकलेली असते आणि तिच्यावर एक मिथाइल. आमच्या जुन्या वाड्यात कपाटाचं दार अर्धं उघडलं की पलंगाला अडायचं, तसं ते मिथाइल शेजाऱ्याला अडतं आणि कडीला गरगर फिरता येत नाही, ती आडवीच अडकून राहते. त्यामुळे उजव्या-डाव्या हातासारखी त्याची दोन रूपं होतात, एकही असममित कार्बन नसताना. मला हे वाचून फार आनंद झाला होता, मामाला सांगायला गेले तर म्हणाला चहा सांग.

परत धरणावर. आपल्याकडे गोदावरीला पूर किती आला हे मीटरमध्ये कोणी विचारत नाही, नदीत उभ्या मूर्तीकडे बघून "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी?" एवढंच विचारतात. पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, की सगळं गाव समजून जातं. मेथाक्वालोनचं चढणं तसंच. पाय भिजले तेव्हा नुसतं सैल वाटतं, ओठांना बोटांना मुंग्या, काळजी कुठल्या कुठे. कंबरेपर्यंत आलं की चाल बिघडते, बोलणं जडावतं, अमेरिकेत तर या गोळीला टोपणनावच पडलं होतं "भिंतीला धडकवणारी". अजून वर गेलं की झोप. आणि डोक्यावरून गेलं की जे होतं ते बार्बिट्युरेटपेक्षा वेगळं, माणूस नुसता गळून पडत नाही तर कधी कधी अंग ताठ होतं, स्नायू उडायला लागतात, फिट येते, आणि मग कोमा. ही गोळी म्हणे सौम्य.

सवय लागण्याचा भागही इथेच समजून घ्या, कारण काउंटरवर हेच सांगताना माझी सगळ्यात जास्त दमछाक होते. रोज घेतली की तोच आनंद मिळायला जास्त गोळ्या लागतात, म्हणजे समजा दर आठवड्याला मारुतीची मूर्ती थोडी थोडी उंच होत चाललीये, तुम्ही बघताय की पाणी अजून गुडघ्यालाच आहे, अरे काही नाही, सोडा अजून पाणी. पण शेजारचा सराफ बाजार काही उंच झालेला नाही, तो होता तिथेच आहे. सराफ बाजार म्हणजे मेंदूतला श्वासाचा भाग. त्याला सवय फारशी होत नाही. मूर्तीकडे बघणाऱ्याला पूर दिसत नाही आणि तिकडे दुकानांत पाणी शिरलेलं असतं.

त्यात भर म्हणजे ही गोळी शरीरातून लवकर जात नाही. अर्धी जायला २० ते ६० तास. म्हणजे आज रात्री घेतली, उद्या रात्री दुसरी घेताना कालची बरीचशी आतच. आणि दारू? दारूही याच दरवाज्यांवर काम करते. गंगापूरचंही सोडलं आणि दारणेचंही सोडलं की खाली नांदूरमध्यमेश्वरला काय होतं ते निफाडच्या शेतकऱ्याला विचारा. या गोळीने झालेल्या मृत्यूंमध्ये दारूची सोबत पुन्हा पुन्हा दिसते.

मॅन्ड्रॅक्सच्या एका गोळीत मेथाक्वालोन २५० मिलिग्रॅम आणि सोबत डायफेनहायड्रामिन २५ मिलिग्रॅम. डायफेनहायड्रामिन म्हणजे तेच जे खोकल्याच्या काही सिरपमध्ये असतं आणि ते घेऊन माणूस दुपारी पेंगतो. रूसेल कंपनीने हे मिश्रण ब्रिटनमध्ये १९६५ च्या सुमाराला आणलं आणि धडाधड खपलं. पोरांनी त्याला लाडाने "मँडी" म्हणायला सुरुवात केली तिथेच खरं तर डॉक्टरांनी ओळखायला पाहिजे होतं, झोपेच्या गोळीला कोणी लाडाचं नाव ठेवत नाही हो, झोपायलाच घेत असतील तर.

त्याआधी जपानमध्ये हा धडा होऊन गेला होता. तिथे हायमिनाल नावाने ही गोळी मिळायची आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टोकियोच्या शाळा-कॉलेजातल्या पोरांमध्ये गोळी खाऊन झोप न घेता झिंगत फिरायचं हे खूळच झालं होतं. पण एका देशाचा धडा दुसऱ्या देशाला मिळतो कुठे. अमेरिकेत रोरर कंपनीने ती आणली आणि नाव काय ठेवलं बघा, क्वालूड. "शांत मध्यंतर" अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून केलेलं नाव, आणि मधे दोन ए घातले कारण याच कंपनीचं मालॉक्स हे ॲसिडिटीचं औषध जोरात खपत होतं, त्यातले दोन ए शुभ ठरले होते. गोळीवर ७१४ आकडा कोरलेला असायचा. १९७३ ला अमेरिकेने कडक यादीत टाकली, तरी मग "स्ट्रेस क्लिनिक" निघाली, तिथे पैसे भरायचे, डॉक्टरला जरा ताण आहे म्हणायचं आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचं. शेवटी १९८४ ला तिथे पूर्ण बंदी.

बंदीच्या आसपासची एक गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात शिकण्यासारखी वाटते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. तेव्हा अमेरिकेत शिरणाऱ्या चोरट्या गोळ्या कोलंबियात छापल्या जायच्या, पण पावडर यायची थोड्याच देशांतल्या थोड्याच कायदेशीर कारखान्यांतून. अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी खात्यात जीन हेस्लिप नावाचे अधिकारी होते, त्यांनी डोकं चालवलं की गल्लीत पोरं पकडण्यापेक्षा नळच बंद करू, आणि त्या त्या देशांच्या सरकारांना भेटून पावडर बनवणं आणि विकणं थांबवायला लावलं. आणि ते चक्क चाललं. काही वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यावरून ही गोळी जवळजवळ गायब झाली. अफूचं शेत जाळलं तर पुढच्या वर्षी शेजारच्या डोंगरावर उगवतं, पण मेथाक्वालोनचं शेत नाही, झाड नाही, बी नाही. रिअ‍ॅक्टर बंद तर गोळी बंद.

अर्थात सगळेच रिअ‍ॅक्टर बंद झाले नाहीत, आणि इथून पुढची गोष्ट आपल्याकडे वळते. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात मेथाक्वालोन आधी सौम्य यादीत होतं, १९७९ ला वरच्या यादीत गेलं, आणि आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात त्याचं नाव आलं. कायद्याने गोळी संपली. पण दक्षिण आफ्रिकेत तिची एक वेगळीच चटक लागली होती, तिथे ती गिळत नाहीत, चुरून गांजाबरोबर तुटक्या बाटलीच्या मानेतून ओढतात, त्याला "पांढरा पाइप" म्हणतात आणि गोळीला "बटण". केपटाऊनच्या गरीब वस्त्यांत अजून हा प्रकार आहे. त्यातला एक घाण अध्याय म्हणजे वर्णद्वेषी सरकारचा प्रोजेक्ट कोस्ट हा गुप्त रासायनिक शस्त्रांचा कार्यक्रम, त्यात हे औषधही बनवलं गेल्याचं १९९८ ला त्या राजवटीच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ कमिशनच्या सुनावणीत बाहेर आलं. गर्दी पांगवायला म्हणे. त्याचे प्रमुख वाउटर बासन २००२ ला कोर्टातून निर्दोष सुटले.

आणि या आफ्रिकेच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं माल पुरवणाऱ्यांत भारतातले चोरटे कारखाने होते. २०१६ ला डीआरआय या महसूल गुप्तचर खात्याने उदयपूरला धाड टाकली तेव्हा मॅन्ड्रॅक्सच्या गोळ्या निघाल्या साडेतेवीस टन. टन बरं का, किलो नाही. मी हा आकडा मामाला सांगितला तर त्याने आधी मनात हिशोब केला, आमचा नाशिकरोडकडून येणारा टेम्पो किती नेतो, मग म्हणाला, "म्हणजे वीस-पंचवीस टेम्पो ठासून." हैदराबादेत जन्म, लखनौला बारसं, आणि पासष्ट वर्षांनी उदयपूरच्या गोडाऊनमध्ये सापडली, आयुष्यभर जगभर फिरून शेवटी माहेरीच.

आपलं नाशिक यातून बाजूला आहे असं समजू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला ते आठवत असेल, त्या आठवड्यात दुकानात औषध घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी त्यावर बोलायचा आणि मग क्रोसिन मागायचा. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते मेथाक्वालोनच्या अगदी उलट, झोपवणारं नाही, चेकाळवणारं, पण त्याचीही गोष्ट तशीच, १९२९ साली बनलं, सत्तरेक वर्षं पुस्तकात धूळ खात पडलं आणि मग कोणीतरी उकरून काढलं. आणि मालेगावला "कुत्ता गोळी" म्हणून जी पकडली जाते ती काय असते माहितीये? अल्प्राझोलाम. माझ्या दुकानात कपाटात कुलपात ठेवलेली असते तीच. तिच्यात राक्षस बसलेला नाहीये, गावात दहा जणांना डॉक्टरांनी ती नीट लिहून दिलेली आहे आणि ते नीट घेतायत.

अल्प्राझोलामचं घराणं मेथाक्वालोनच्या शेजारचंच आहे, हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. बेंझो शोधणारा लिओ स्टर्नबाख रोश कंपनीत जे पदार्थ बनवत होता ते त्याला वाटत होते त्याहून वेगळे निघाले, ते निघाले क्विनाझोलिन, आपल्या हैदराबादी सांगाड्याचे चुलत भाऊ. त्यातल्या एकाची सहा कोपऱ्यांची कडी प्रक्रियेत पसरून सात कोपऱ्यांची झाली आणि त्यातून १९६० ला लिब्रियम आलं, १९६३ ला व्हॅलियम. जाहिरात तीच, बार्बिट्युरेटपेक्षा सेफ, आणि यावेळी ते खरंही होतं. फक्त "सवय लागत नाही" हे खरं नव्हतं, ते कळायला पंधरा-वीस वर्षं गेली. मग आलं झोल्पिडेम, ते म्हणे बेंझोच नाही, म्हणून सवय नाही. २०१३ ला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण खात्याने बायकांसाठी त्याचा डोस दहा मिलिग्रॅमचा पाच करायला लावला कारण सकाळी गाडी चालवतानाही ते रक्तात उरलेलं सापडत होतं. आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम दोन्ही शेड्यूल एच वन या कडक यादीत आहेत, लाल चौकट, वेगळं रजिस्टर, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. काका लोकांना वाटतं मी मुद्दाम छळते.

मामाला मी विचारलं की त्या वेळी कोणाला संशय आला नव्हता का. तो म्हणाला, डॉक्टर लिहायचे, आम्ही द्यायचो, कंपनीचा एम. आर. येऊन सांगायचा की यात बार्बिट्युरेट नाही, आणि नाना स्वतः एखाद्या रात्री अर्धी घ्यायचे. मग एकदा हॉस्टेलवरची तीन-चार पोरं एकाच आठवड्यात तीन वेळा आली, वेगवेगळ्या चिठ्ठ्या घेऊन, सगळ्यांवर अक्षर एकच. नाना त्यांना काही बोलले नाहीत, फक्त चिठ्ठ्या ठेवून घेतल्या आणि म्हणाले उद्या या, माल संपलाय. पोरं परत आली नाहीत. रजिस्टरात त्याच्या पुढच्या महिन्यात मॅन्ड्रॅक्सच्या ओळीवर एक आडवी रेघ आहे आणि बाजूला "४ डबे परत". कारण लिहिलेलं नाही. नाना कारणं लिहीत नसत, उधारीचीसुद्धा नाही.

त्या पानाचा मी मोबाइलवर फोटो काढला. रजिस्टर ठेवून घेऊ का म्हणून विचारणार होते, तेवढ्यात खाली रद्दीवाला आला आणि मामाने पोतं तसंच शिडीवरून खाली सोडलं, जुनी बिलं, कॅलेंडरं, कंपन्यांच्या चोपड्या, सगळं एकात. रद्दीवाल्याने लाल पुठ्ठे फाडून वेगळे काढले, म्हणाला कापडाचं वजन धरत नाही.